दिल्ली कुठली, डोकी बघितली!

दिल्ली कशी वाटली म्हणून काय विचारता वहिनी, मी कुठली दिल्ली बघतेय! मी डोकी बघितली. मिरजेला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा बेचाळीस, मनमाडला बेचाळीस आणि भोपाळला एकेचाळीस. पोटात गोळाच आला. बघते तर एक पठ्ठ्या वरच्या बर्थवर डोक्यावरून गोधडी ओढून गाढ झोपलेला आणि उशाला भडंगाचा डबा. दोनदा सामान समजून पुढे गेले होते मी.

त्या सहलवाल्याचं तर नावच काढू नका. छापील कागद दिला होता हातात. सोमवारी काय काय? लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे म्युझियम, अक्षरधाम. अहो, चारही ठिकाणं सोमवारी बंद! एवढी पोरं थंडीत बंद दाराशी उभी करून मी काय आरती म्हणायची होती? मीच आधी सगळं तपासलं आणि सोमवारी कुतुबमिनार आणि युद्ध स्मारक घेतलं. ती रोज उघडी असतात.

कुतुबमिनार नुसता बाहेरून बघायचा, हे पोरांना काही पटेना. "बाई, आत ३७९ पायऱ्या आहेत म्हणता, मग चढू का देत नाहीत?" सांगावं की नको असं झालं, पण आठवी-नववीची पोरं, सांगितलं. १९८१ च्या डिसेंबरात आतली वीज गेली. अरुंद जिना, मिट्ट काळोख, त्यात चेंगराचेंगरी. ४५ जीव गेले वहिनी, आणि त्यात बरीचशी शाळेची पोरं. तेव्हापासून जिना बंद. आमची वानरसेना एकदम चिडीचूप. मला आपलं वाटत राहिलं, त्या पोरांबरोबर आमच्यासारख्याच कुणी बाई, कुणी सर असतील. काय तोंडानं गेले असतील ते पोरांच्या घरी? म्हणून सांगते, मला कुणी 'मोजणीदार बाई' म्हणू दे नाहीतर आणखी काही, मी मोजणारच.

आणि मोजलं म्हणूनच राजीव चौकात निभावलं. मेट्रोचं दार काय आपल्या एसटीसारखं थांबत नाही हो, 'चला चला' म्हणेपर्यंत मिटतं. तिघं फलाटावर आणि आम्ही आत! पण मी आदल्या रात्रीच घोकून घेतलं होतं: मागे राहील त्यानं जागचं हलायचं नाही, पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरायचं. आम्ही पटेल चौकात उतरलो, एक सर उलटे गेले आणि तिघांना घेऊन आले. तिघंही खांबाला टेकून जागच्या जागी उभे होते. गर्दीतल्या एका काकूंनी चौकशी केली तर आमचा एक जण म्हणतो, "नही आंटी, हमको हलनेका नही बोला है."

तेवढ्यात इकडे पालकांच्या ग्रुपवर बातमी, तीन मुलं हरवली! कुणी कळवली देव जाणे. हरवली कसली, पाच मिनिटं मागे राहिली. पण एका आईचा फोन आला तो रडतच. तिला समजावण्यात केंद्रीय सचिवालय येऊन गेलं.

खरं सांगू? त्या कागदावरची निम्मी ठिकाणं खोडली पाहिजेत. राष्ट्रीय संग्रहालयाला अर्धा तास दिला होता. अर्ध्या तासात तर बॅगा ठेवून होत नाहीत! मोहेंजोदडोची ती नर्तकी आहे ना, कमरेवर हात ठेवलेली, डाव्या हातात पार खांद्यापर्यंत बांगड्या? साडेदहा सेंटिमीटरची आहे फक्त. आमची एक अबोल मुलगी, वर्गात हूं की चूं नाही, ती काचेला नाक लावून उभी. मग आपली वीत काढून काचेवर धरली आणि म्हणाली, "बाई, ही माझ्या वितीपेक्षा लहान आहे! पुस्तकात केवढी वाटते." मग काय, सगळ्यांनी विती काढल्या. सहलवाल्याचा माणूस दारातून घड्याळ दाखवतोय. दाखव म्हटलं. तसंच अलीपूर रोडला, बाबासाहेबांचं १९५६ साली जिथे निधन झालं तिथे. कागदावर नव्हतंच ते, मुलांनीच हट्ट धरला. लोटस टेंपल गेलं त्यापायी. जाऊ दे.

बरं, इकडे या जरा, मोठ्यानं बोलायला नको. संसदेत काय झालं ते ऐका. खासदारांच्या पत्रावर पास मिळाले होते. शिस्त कडक, मोबाइल बाहेर ठेवा, खिसे रिकामे करा. ते आमचे एक सर नाहीत का... हां, तेच, तंबाखूमुक्त शाळेचा फलक ज्यांनी रंगवून घेतला आणि दर गुरुवारी परिपाठात शपथ देतात! त्यांच्या स्वेटरच्या आतल्या खिशातून जवानानं पुडी काढली. चुन्याच्या डबीसकट! सगळ्या पोरांदेखत. सर म्हणाले, "औषध है." जवान हसला आणि पुडी बाजूला ठेवली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. बाहेर पडताना आम्ही आपापले मोबाइल घेतोय, मागे पोरांची रांग, आणि सर त्या जवानाला हळूच विचारतायत, "भाईसाब, वो औषध वापस मिलेगा क्या?"