भोंगे बंद, तोंडं सुरू (विधानसभा निवडणूक, नोव्हेंबर २०२४)

"काकू, ऐकताय ना? ६ वाजले आणि भोंगे गप्प! कानात अजून 'ताई, माई, अक्का' घुमतंय."

"आज १८ तारीख ना? मतदान संपायच्या आधी ४८ तास जाहीर प्रचार बंद. आता उरली कुजबुज. ते काय गं तुझ्या हातात?"

"सकाळी दारात पडलेलं पत्रक. त्या उमेदवारबाईंबद्दल लिहिलंय. नवऱ्याला का सोडलं, रात्री गाडी कुणाच्या बंगल्यापुढे असते... वाचवत नाही हो!"

"वाचवत नाही म्हणतेस आणि पाठ झालंय की! दे इकडे."

वहिनींनी मेंदीच्या कुंपणावरून कागद पलीकडे दिला. काकूंनी चष्मा चढवला आणि मजकूर सोडून कागदाची खालची कड निरखली. मग उलटून मागची.

"छापखान्याचं नाव कुठाय?"

"ते कशाला हवं?"

"निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नसेल तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शाळेत शिकवत असताना दर निवडणुकीला ड्युटीला जुंपायचे आम्हाला, तेव्हापासून खालची कड आधी बघायची सवय. ज्याला स्वतःचं नाव छापायची लाज वाटते, त्यानं दुसऱ्याची लाज काढू नये."

"पण काकू, आगीशिवाय धूर निघतो का?"

"ओल्या लाकडाचा धूरच जास्त असतो, बाई. आणि खरं असलं तरी काय? तिचा संसार मोडला म्हणून आपल्या नळाचं पाणी गेलं का? बाई उभी राहिली की आधी तिचं चारित्र्य निघतं. पुरुष उमेदवाराचं बायकोशी पटत नाही, असं पत्रक आलंय कधी तुझ्या दारात?"

"म्हणजे कुणी कुणाविरुद्ध बोलूच नये म्हणता?"

"छे गं! बोलावं की, चांगलं ठणकावून बोलावं. परवा चौकात तो दुसरा उमेदवार आमदारांवर तुटून पडला होता. म्हणाला, नदीकडच्या रस्त्याचा नारळ दोनदा फुटला आणि खडी अजून तशीच. मी दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि बघून आले. फलकावर काम संपल्याची तारीख गेल्या वर्षीची, रस्त्यावर खडी! ही टीका मला चालते. जाऊन बघता येते, खोटी असली तर आमदारांना उत्तर देता येतं. बंगल्यापुढच्या गाडीचं काय उत्तर देणार ती?"

"मग कोर्टात जावं तिनं."

"जाता येतं. माहीत असून कुणाच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवलं आणि त्यात निवडून आलेल्याचा हात सिद्ध झाला, तर त्याची निवड हायकोर्ट रद्द करू शकतं. पण तो निकाल लागेपर्यंत बदनामी गावभर फिरून आलेली असते."

"मला तर वीट आलाय. सगळे एका माळेचे मणी! मी परवा जातच नाही. फार तर नोटा दाबीन."

"झालं! त्यासाठीच छापलंय हे. तू त्यांच्याकडे वळणार नाहीस, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण वैतागून घरी बसलीस तर त्या बाईचं एक मत कमी झालं ना? आणि नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी आमदार व्हायचा तो उमेदवारांतला पहिलाच होतो."

"अगंबाई, असं आहे होय?"

"आणि गंमत बघ. लाडक्या बहिणीला एक म्हणतो महिन्याला २,१०० रुपये देतो, दुसरा म्हणतो ३,०००. कुठून आणणार रे बाबांनो, हे आपल्या आळीत कुणी विचारलं? नाही! सगळी आळी त्या गाडीचा नंबर शोधतेय."

"मग ठरवायचं कशावर?"

"मेथी कशावर निवडतेयस?"

"पेपरावर."

"काड्या बाजूला कर. ती चौकट दिसते का, मुंगीएवढ्या अक्षरांची? वाच."

वहिनींनी पेपर झटकला. "उमेदवाराचं नाव... न्यायालय... खटला क्रमांक... कलम... अय्या! हा तर तो दहीहंडीवाला! फसवणुकीचा गुन्हा?"

"गुन्हे असतील तर उमेदवारानं ते पेपरात आणि टीव्हीवर ३ वेळा जाहीर करायचे, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये बजावलंय. म्हणून छापतात, पण दिसू नये असं छापतात. आणि हो, खटला चालू आहे, शिक्षा झालेली नाही, हेही वाच. नाहीतर तुझ्यात आणि पत्रकवाल्यात फरक काय?"

"आणि मालमत्ता वगैरे?"

"प्रतिज्ञापत्रात. निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळ्यांची असतात. जमीन, सोनं, कर्ज, शिक्षण, नवरा-बायकोच्या नावावरचं वेगळं. मागच्या वेळचं काढून शेजारी ठेव. पाच वर्षांत कुणाचं काय फुगलं ते दिसतं. गप्पांना याहून चांगला माल नाही!"

"आत्ता बसते मोबाइल घेऊन. पण काकू, एवढं सगळं सांगितलंत, तुमचं मत कुणाला ते सांगा की."

"इतक्या वर्षांत तुझ्या काकांना नाही सांगितलं, तुला सांगते होय!"