भोक दाखवल्याबद्दल अटक

नागपूरच्या मिहानमध्ये भोकं शोधण्याचा पगार मिळतो. टेस्टिंगवाली पोरं खापरी मेट्रो स्टेशनवर उतरतात आणि दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतात. हीच पोरं रविवारी मालकाला न विचारता दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरली, तर आयटी कायद्याचं कलम 66 मागे लागू शकतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भोक ठेवणारा इंजिनिअर तोवर प्रमोशन घेऊन पुण्याला गेलेला असतो.

भोक दाखवणाऱ्याला पकडण्याचा महाराष्ट्राचा अनुभव दांडगा आहे. 2010 च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या हरि प्रसाद यांनी अॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्राइप या परदेशी जाणकारांसोबत मतदानयंत्र उघडून दाखवलं. मोबाइलचा हुकूम ऐकणारा नकली डिस्प्ले बनवला, मेमरीला चिमट्यासारखं लावायचं खिशातलं यंत्रही बनवलं. निवडणूक आयोगाचं म्हणणं एकच, यंत्रं सुरक्षित आहेत. ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस हैदराबादेत हजर! यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेलंय, कुणी दिलं ते सांगा. म्हणजे यंत्र सुरक्षित, फक्त ते ठेवलेली खोली तेवढी उघडी. हे दुसरं भोक हरि प्रसादांनी दाखवलंच नव्हतं, ते फिर्यादीतूनच कळलं. अटक झाली, आठवडाभरात जामीन झाला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी पावती टप्प्याटप्प्याने आणायला सांगितली, त्यासाठी मात्र कुणाला अटक झाली नाही.

हरि प्रसादांच्या अटकेच्याच वर्षी, 2010 च्या ऑक्टोबरात, अमेरिकेत एरिक बटलरने फायरशीप नावाचं हत्यार फुकट वाटलं. कॅफेच्या उघड्या वायफायवर बसायचं आणि एका टिचकीत शेजाऱ्याच्या फेसबुकात शिरायचं. लोक बटलरवर भडकले, चोरांना आयतं दिलंस म्हणून. खरंय. पण असली हत्यारं चोराकडे आधीपासूनच असतात, नसतात ती फक्त शेजाऱ्याच्या माहितीत. जानेवारी 2011 मध्ये फेसबुकने सगळा वावर कुलूपबंद करायची सोय दिली. तीन महिन्यांत. आपल्याकडे एवढ्या वेळात चौकशी समितीला खुर्च्या मिळत नाहीत.

तेव्हा आमची सरकारला नम्र सूचना. मिहानमध्ये जमीन अजून बरीच मोकळी आहे. तिथे भोकं दाखवणाऱ्यांसाठी एक विशेष आरोपी क्षेत्र काढा. करात सवलत, राहायची सोय आत, बाहेर पोलीस. हैदराबादचा फेरा तरी वाचेल. भूखंडाचे अर्ज अर्थातच ऑनलाइन. पोर्टलचा पासवर्ड अर्ध्या नागपूरला पाठ असेल, पण तसं कळवायच्या फंदात पडू नका बावा, पहिला भूखंड तुमच्याच नावावर निघायचा.