लॉक तुटलंय, साहेब

मोटरसायकलचं इंजिन बसलं तर लोक हळहळतात. ती चोरीला गेली तर घरी बोलावून चहा पाजतात. नुसतं प्लास्टिक तुटलं तर मात्र सहानुभूतीच्या खात्यात दमडी जमा होत नाही. जमा होतात ते सल्ले. माझ्या 2010 च्या लाल करिझ्मा झेडएमआरचं डावं पॅनेल तुटल्यापासून माझ्याकडे इतके सल्ले साठलेत, की ते वाटून पुट्टी केली असती तर भेग भरूनही थोडी उरली असती.

गाडीची ओळख करून देतो, कारण हल्लीची मुलं तिला 'काकांची बाईक' म्हणतात. हिरो होंडाने 2003 मध्ये करिझ्मा आणली. जाहिरातीत हृतिक रोशन होता. त्या काळी करिझ्मावाला मुलगा कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही हेल्मेट हातात घेऊनच शिरायचा, नाहीतर कळणार कसं? 2009 मध्ये त्याच 223 सीसीच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन बसवून, वरून पूर्ण फेअरिंग चढवून झेडएमआर आली. फेअरिंग म्हणजे गाडीच्या अंगावरचं हे सगळं प्लास्टिकचं कवच. त्याचं काम वारा कापणं. 1950 साली मोटो गुझीने इटलीत, लेक कोमोच्या काठी, खास मोटरसायकलींसाठी हवेचा बोगदा बांधला. पुढे रेसिंगच्या गाड्या पुढच्या चाकासकट फेअरिंगमध्ये झाकायची टूम निघाली. आडवा वारा आला की त्या भलतीकडेच जायला लागल्या, म्हणून 1958 पासून त्यांच्यावर बंदी आली. वाऱ्याशी एवढं भांडून माणसाने जे कमावलं ते मी सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता वापरतो. तिथे कापायला वारा नसतो. पुढच्या टेम्पोचा धूर असतो.

तर झालं असं, की पावसाने पार्किंगमधला पेव्हर ब्लॉक खचला, साइड स्टँड त्यात रुतला आणि दीडशे किलोंहून जड अशी ती गाडी डाव्या कुशीवर निजली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फोटो आला. 'कोणाची गाडी आहे? पडली आहे.' खाली अंगठे आले, कुणाचे तरी जोडलेले हातही आले. प्रत्यक्ष गाडीला हात मात्र कोणी लावला नव्हता.

मेकॅनिकने बसल्या बसल्या इंजिनाचा आवाज ऐकला, पॅनेलवर टिचकी मारली आणि निदान केलं. "गाडीला काय नाही झालं. लॉक तुटलंय, साहेब."

लॉक म्हणजे पॅनेलच्या मागच्या बाजूला असलेले प्लास्टिकचे बोटभर दांडे. ते शेजारच्या पॅनेलच्या रबरी बुशात किंवा खाचेत अडकतात. बाहेरून दिसतात ते स्क्रू, पण खरा संसार या लॉकांवर चालतो. ते गेले की पॅनेल साधारण चार हजार आरपीएमला गुणगुणायला लागतं आणि पाच हजारांच्या पुढे गप्प होतं.

"मग उपाय काय?" मी विचारलं.

"पाच हजारांच्या वरच चालवायची."

विम्याचा विचार मी केला नाही असं नाही. पॉलिसीतला घसाऱ्याचा तक्ता हा आपल्याकडचा दुर्लक्षित विनोदी वाङ्मयप्रकार आहे. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कपात, फायबरग्लासवर 30 टक्के आणि काचेवर शून्य. म्हणजे माझं पॅनेल काचेचं असतं तर पूर्ण भरपाई मिळाली असती. शिवाय क्लेम केला की नो-क्लेम बोनस जातो, आणि तो वर्षानुवर्षं सांभाळला तर 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. बायकोने कागदावर हिशेब मांडला, उत्तर बघितलं आणि एक शब्दही न बोलता त्याच कागदाच्या पाठीवर किराण्याची यादी लिहायला घेतली.

नवं पॅनेल आणावं म्हटलं तर 2014 मध्ये झेडएमआरचा सगळा चेहरामोहराच बदलला. त्यानंतरचं प्लास्टिक आधीच्या गाडीला बसत नाही. उरली नाना पेठ. दुचाकीचा जो भाग नाना पेठेत मिळत नाही तो अस्तित्वातच नाही, अशी पुण्यात श्रद्धा आहे, आणि ती बऱ्यापैकी खरी आहे. पॅनेल मिळालं. चकचकीत, लाल, किमतीला हलकं आणि हातात घेतलं तर वजनालाही हलकं. त्याची भोकं गाडीच्या भोकांपासून जरा जरा सरकलेली होती.

"ओरिजिनल आहे?"

"ओरिजिनलसारखंच ओरिजिनल आहे."

"पण होल जुळत नाहीत."

"कुणाचेच जुळत नाहीत, काका. गोल कानस मारायची."

कानस मारून जुळवलेलं पॅनेल कायम ताणाखाली बसतं आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात स्क्रूपाशी तडकतं. मला विचाराल तर तुटलेलं मूळ पॅनेल नव्या नकलेपेक्षा केव्हाही बरं, कारण त्याचा आकार तरी खरा असतो. हे मत घेऊन मी बाहेर पडलो आणि तरीही रविवारी जुन्या बाजारात गेलो, कारण रविवारी जुन्या बाजारात जायला कारण लागत नाही. तिथे एका फडक्यावर, दोन पितळी नळ आणि एका टाइपरायटरच्या मध्ये, माझ्याच मॉडेलचं मूळ पॅनेल पडलं होतं. लाल. सगळे लॉक शाबूत. फक्त उजवं.

"मला डावं हवंय हो."

"आज डावं तुटलंय, उद्या उजवं तुटेल. घेऊन ठेवा."

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते घेतलं.

शेवटी दुरुस्ती घरीच करायची ठरलं. पॅनेल उतरवून पालथं घातलं तर आतल्या बाजूला 'एबीएस' अशी बारीक अक्षरं उठवलेली होती. मी ती आनंदाने मोठ्याने वाचली. शेजारचे काका म्हणाले, "एबीएस आहे ना? मग पडली कशी?" त्यांना ब्रेक वेगळे आणि प्लास्टिक वेगळं हे समजावून सांगण्यात चहाचा एक राउंड गेला.

ही अक्षरं बघणं मात्र फार महत्त्वाचं. मेकॅनिक मंडळी सगळ्यालाच फायबर म्हणतात, पण एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि पॉलिप्रॉपिलीन ढिम्म हलत नाही. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंदही धरत नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं, तेही त्याच्याच जातीच्या कांडीने. अक्षरं झिजली असतील तर आतल्या कोपऱ्यात ॲसिटोनचा एक थेंब टाकावा. जागा चिकट झाली तर ते एबीएस असण्याचा संभव बराच. आमच्या घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर नेमकं ॲसिटोन नसलेलं निघालं. केमिस्टकडे शुद्ध ॲसिटोन मागितलं तेव्हा त्याने माझ्या नखांकडे बघितलं.

आता भेग भरायला एबीएसचाच चुरा हवा. तो ॲसिटोनमध्ये मुरवला की दाट लापशी होते, ती भेगेत बसते, ॲसिटोन उडून जातं आणि प्लास्टिक प्लास्टिकला धरतं. चुरा आणायचा कुठून? लेगोचे ठोकळे 1960 च्या दशकापासून एबीएसचेच बनत आले आहेत, आणि मुलीकडे लाल ठोकळे होते. वाटाघाटी कठीण गेल्या. तिने आधी स्वस्तातल्या नकली संचाचे ठोकळे पुढे केले. ते ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवूनही सकाळी ताजेतवाने होते. अखेर अस्सल दिले. त्यांच्या वजनाच्या हिशेबाने भाव काढला तर नाना पेठेतलं पॅनेल स्वस्त पडलं असतं, हे बायकोने सांगितलं. कागदाशिवाय.

काम असं चालतं. भेग जिथे संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. हे सगळ्यात आधी, कारण भेगेच्या टोकदार शेवटावर सगळा ताण एकवटतो आणि ती पुढे धावते. गोल भोकात ताण वाटला जातो. मग मागच्या बाजूने भेगेची खाच करायची, स्टीलच्या जाळीची पट्टी सोल्डरिंग गनने प्लास्टिकमध्ये बुडवायची आणि वर लापशी भरायची. लॉक नव्याने घडवावे लागतात: आत जाळीचा सांगाडा, वर थरावर थर. काका फेविक्विकवर सोडा टाका म्हणत होते. त्याने क्षणात दगड होतो हे खरं, पण थरथरत्या गाडीत दगडाचं काय काम? तिथे थोडं वाकणारं लागतं. सगळं गॅलरीत, खिडक्या सताड उघड्या ठेवून करायचं; ॲसिटोन पटकन पेट घेतं आणि वितळत्या एबीएसचा धूर छातीला वाईट. आमच्या ग्रुपवर लगेच आलं, 'कुठेतरी वायर जळतेय का?' खाली अंगठे.

रंग मात्र पेंटरकडे. पॉलिश पेपर आधी 180 चा, मग 320, मग पाण्यातला 600 हे मी घरी केलं होतं. त्याने बोट फिरवून मान हलवली आणि सगळं पुन्हा केलं. प्लास्टिकला आधी प्लास्टिकचाच प्रायमर लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. खरी पंचाईत वेगळीच होती. इतक्या वर्षांच्या उन्हाने गाडीचा लाल विटला होता.

"नवीन लाल मारला तर हे एकच पॅनेल दिसणार. टाकी पण घेऊ का?"

"टाकीला काही झालेलं नाही."

"आता नाही. पॅनेल बसल्यावर होईल."

टाकी घेतली नाही. त्याने लालमध्ये काळ्याचे आणि कसल्या तरी तपकिरीचे थेंब टाकत विटका लाल तयार केला, आणि नव्यासारखा मारण्यापेक्षा जुन्यासारखा मारायला जास्त पैसे घेतले. मला ते रास्त वाटले.

बसवताना सगळे स्क्रू आधी नुसते हाताने धरवायचे, पॅनेल नीट बसलं की मग पिळायचे, आणि पिळताना अंगात ताकद आहे हे विसरायचं. रबरी बुशांना साबणाचं पाणी लावलं तर लॉक सुखाने आत जातात. दोन हातांवरून भेग दिसत नाही, वाकून बघितलं तर दिसते. वाकणाऱ्यांची सोय मी केलेली नाही. गुणगुण चार हजारांवरून साडेचार हजारांवर गेली आहे.

आता एवढंच. 2014 च्या आधीच्या झेडएमआरचं उजवं पॅनेल माझ्याकडे आहे: लाल, मूळ कंपनीचं, सगळे लॉक जागेवर. कुणाला हवं असेल तर कळवा. डाव्याच्या बदल्यात दिलं जाईल, पैशात नाही.