पिशवी उघडा, मागे लाईन आहे

घाटकोपर स्टेशनात एक पूल आहे. पुलाच्या अलीकडे माणूस निर्दोष असतो, पलीकडे संशयित. अलीकडे मध्य रेल्वेची लोकल, पलीकडे ८ जून २०१४ पासून धावणारी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो. कल्याणहून जो इसम पाठीवरची सॅक पोटावर घेऊन, तिघांच्या बरगड्यांत कोपरं रोवत इथवर आला, त्याला वाटेत कोणीही विचारलेलं नसतं की बाबा रे, या सॅकमध्ये आहे तरी काय. फार तर ‘वर टाक ना ती’ एवढंच कोणी खेकसलेलं असतं. तोच इसम पूल ओलांडतो आणि त्याची सॅक सरकत्या पट्ट्यावर आडवी होऊन क्ष-किरणांच्या बोगद्यात शिरते. तो स्वतः हात पसरून उभा राहतो. गणवेशातला तरुण बगलेपासून खिशापर्यंत मशीन फिरवतो, मशीन किंचाळतं, कमरेचा पट्टा दोषी ठरतो आणि माणूस सुटतो.

नागरिकाचं स्वातंत्र्य कुठे संपतं आणि राज्याची सुरक्षा कुठे सुरू होते, यावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. मुंबईत हे समजायला ग्रंथ लागत नाही, रिटर्न तिकीट पुरतं. स्वातंत्र्य त्या पुलावर संपतं, साधारण जिथे फरशी गुळगुळीत होते आणि एसीची पहिली झुळूक लागते तिथे.

आता लोकलमध्ये तपासणी का नाही? रेल्वेला आपल्या खासगीपणाची फार कदर आहे म्हणून? नाही. गणित बसत नाही म्हणून. ऐन गर्दीत बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांच्या वर माणसं असतात. या अवस्थेला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव दिलं आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. माणशी दहा सेकंद धरले तर एका गाडीच्या पिशव्या तपासायला एका यंत्राला साडेबारा तास लागतील. दहा यंत्रं लावा, तरी सव्वा तास. आणि पुढची गाडी तीन-चार मिनिटांत फलाटावर. म्हणजे पहिल्याच आठवड्यात सोमवारची लोकल गुरुवारी सुटायला लागेल आणि लोक म्हणतील, चला, निदान सुटली तरी.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठात एकमताने सांगितलं. लोकलच्या प्रवाशाला तो हक्क त्याच्या कितीतरी आधी मिळालेला होता आणि तो गर्दीने दिलेला होता. जिथे स्वतःचा हात स्वतःच्या खिशापर्यंत पोचत नाही, तिथे सरकारचा कसा पोचणार? तो फक्त पाकीटमाराचा पोचतो.

कोणी म्हणेल, लोकलला धोका कमी असेल. तसंही नाही. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या गर्दीत अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले, तेही पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली. म्हणजे धोका लोकलने येतो आणि तपासणी मेट्रोने. दोघांची भेट व्हावी अशी कुठे सोयच केलेली नाही.

ते सात बॉम्ब असलेल्या पिशव्या कोणी ठेवल्या, या प्रश्नाचं काय झालं तेही बघा. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा निर्दोष सोडले. त्यातला एक त्याआधीच तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. पिशव्या तपासायला दहा सेकंद नव्हते. माणसं तपासायला एकोणीस वर्षं होती.

२६/११ नंतर सीएसएमटीला मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. ना दार, ना भिंत, नुसत्या चौकटी. त्यांच्यातून जाणाऱ्या प्रत्येकासाठी त्या वाजतात: डब्यासाठी, छत्रीसाठी, मंगळसूत्रासाठी, हातातल्या मोबाइलसाठी. कायद्यापुढे सगळे समान हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळणारं दुसरं यंत्र सरकारदरबारी नसेल. ते सगळ्यांसाठी वाजतं म्हणून कोणासाठीच वाजत नाही. ज्याला घाई आहे तो बाजूने जातो. बाजू भरपूर रुंद आहे.

आणि एरवी लोकलमधली पिशवी माणसं मारते ती तिच्या आत काय आहे म्हणून नव्हे, ती किती जाड आहे म्हणून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या, दारात लटकलेली माणसं घासली गेली आणि रुळांवर पडली. त्यानंतर चर्चा कशाची? लटकणाऱ्यांच्या पाठीवरच्या सॅकची. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. या मरणाला स्कॅनर नाही, कारण त्यात कोणी परका गुन्हेगार सापडत नाही.

बाहेर काय करतात बघावं म्हटलं, तर न्यूयॉर्कचा किस्सा मोठा गमतीचा आहे. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्ब फुटले, बावन्न माणसं गेली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या सबवेत पिशव्या तपासायला सुरुवात केली. लगेच नागरी स्वातंत्र्यवाल्यांची संघटना कोर्टात. ऑगस्ट २००६ मध्ये अपील कोर्टाने तपासणी वैध ठरवली. का? तर पोलिसाने कोणाला थांबवायचं हे त्याच्या मर्जीवर नाही, ठरलेल्या आकड्यावर आहे, म्हणजे अमुकावा माणूस. आणि मुख्य म्हणजे प्रवासी ‘नको’ म्हणून स्टेशनातून परत फिरू शकतो. पिशवीत बॉम्ब असलेलाही अर्थातच परत फिरू शकतो आणि पुढच्या स्टेशनवरून आत शिरू शकतो. त्यावर उत्तर असं की पुढच्या स्टेशनवर काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं, हीच तर मेख. आमच्या डोंबिवलीकराला पुढच्या गाडीत काय वाढून ठेवलंय हे रोजच ठाऊक नसतं, पण त्याला कोणी सुरक्षाव्यवस्था म्हणत नाही.

हा किस्सा मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितला, तो जरा महागातच पडला. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त. बारीकसारीक नियम तोंडपाठ आणि सुरक्षेच्या बाबतीत कडक. त्यांचं मत अगदी स्पष्ट: तपासणी हवीच, कडक हवी, आणि दुसऱ्यांची हवी. स्वतःच्या पिशवीबद्दल मात्र त्यांना अचानक राज्यघटना आठवते. दुसऱ्याच दिवशी मेट्रोच्या दारात त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी तपासणीला नकार देतो.”

गार्ड वीस-बावीसचा पोरगा. त्याने हा प्रकार आधी कधी ऐकला नव्हता, पण गांगरला नाही. “मग रिक्षाने जा, काका.”

“पण माझा हक्क...”

हक्काचं पुढे काय झालं ते कोणालाच ऐकू आलं नाही, कारण मागून आवाज आला, “ओ काका, हक्क संध्याकाळी बजावा, इथे लेट मार्क लागतो!” पाठोपाठ आणखी दोघं-तिघं. अमेरिकेत नागरिकाला सरकारविरुद्ध कोर्ट मिळतं. आपल्याकडे नागरिकाच्या मागे लाईन असते आणि ती सरकारच्या बाजूने असते. सेक्रेटरींनी पिशवी पट्ट्यावर ठेवली.

पट्टा पुढे सरकला आणि थांबला. थोडा मागे आला. पुन्हा थांबला. या यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्नधान्य, कागद, कापड वगैरे सेंद्रिय पदार्थ नारिंगी. सेक्रेटरींच्या पिशवीत निळा होता स्टीलचा डबा, आणि त्याखाली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकावर एक गुंडाळलेली, एक लांबुळक्या वस्तूंची नारिंगी जुडी होती. गार्डने पिशवी उघडायला सांगितली. उघडल्यावर काही विचारायची गरज उरली नाही, पुढच्या दोन रांगांनाही उत्तर पोचलं. पोराचा चेहरा एकदम उजळला. तो मालवणकडचा. गणवेशाचं भान विसरून तो हळूच म्हणाला, “काका, खंय गावले?”

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमची सोसायटी शुद्ध शाकाहारी आहे. म्हणजे उपनियमांत तसं कुठे लिहिलेलं नाही, पण बहुमत तसं आहे, आणि सेक्रेटरी त्याच बहुमतावर तीनदा निवडून आले आहेत. ते सुके बोंबील बॉम्बपेक्षा कमी स्फोटक नव्हते. नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणावर शेकडो पानं लिहिली, पण तो नेमका कशासाठी लागतो हे मला त्या नारिंगी जुडीने एका क्षणात समजावलं. ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याने घाबरायचं कशाला, असा प्रश्न लोक विचारतात ना? त्यांनी सेक्रेटरींचा तो चेहरा पाहायला हवा होता.

बाटलीची परीक्षा अजून बाकी होती. “पाणी पिऊन दाखवा.” ही एक खास रासायनिक चाचणी. प्रयोगशाळा नको, उपकरण नको, नागरिकाचं तोंड पुरे. प्याला आणि उभा राहिला, तर पाणी.

घराची झडती घ्यायची तर कायदा किती सोवळा आहे पाहा. पोलिसांनी त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे, त्यांच्यासमोर झडती, मग पंचनामा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, चित्रीकरणही आलं. बाईची झडती बाईनेच आणि शालीनता सांभाळून घ्यायची. पिशवीच्या वाट्याला यातलं किती येतं? बायकांसाठी पडदा आहे, तेवढं मान्य. पण पंच कुठून आणायचे? सकाळी सव्वानऊला घाटकोपरचा जो कोणी प्रतिष्ठित रहिवासी असेल तो लोकलच्या दारात एका पायावर असतो. आणि माझ्यासारख्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या पिशवीत जातं: डबा, गोळ्या, चष्मा, बायकोने आणायला सांगितलेल्या वस्तूंची चिठ्ठी, न आणलेल्या वस्तू. झडती घराची घ्या म्हटलं तर कमी सापडेल.

तरीही पांढरपेशाच्या पिशवीवर यंत्र तसं मेहेरबानच असतं. लॅपटॉप निळा दिसला की पट्टा थांबत नाही. तो थांबतो प्लंबरच्या पिशवीसाठी. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा माणूस एकदा दीड तास उशिरा आला. एका मेट्रो स्टेशनच्या दारात त्याच्या पिशवीतून पान्हा निघाला, मग दुसरा पान्हा, मग हॅक्सॉ. ‘हे घेऊन जाता येणार नाही’ म्हणाले. तो म्हणाला, याच्याशिवाय जाऊन काय करू? मग तो जिना उतरला आणि लोकल-बस करत आला. शहर चालू ठेवणारी हत्यारं शहराच्या चकचकीत गाडीत चालत नाहीत. सेक्रेटरींनी उशिरापोटी त्याचे शंभर रुपये कापले.

दाढी, टोपी, बुरखा बघून मशीन किती वेळ फिरतं, याचं मोजमाप कोणी ठेवत नाही. त्यावर गार्डला विचारलं तर तो म्हणेल, आम्ही सगळ्यांना सारखंच बघतो. बारा तासांच्या ड्युटीत, कंत्राटदाराच्या पगारावर, डोळे मिटायच्या बेताला आलेला माणूस सगळ्यांना सारखंच बघत असेलही. पण मशीन हलवणाऱ्या हाताला शाळेत, घरी आणि टीव्हीवर काय शिकवलं गेलं, ते त्या ड्युटीच्या तासांत धरत नाहीत.

आता आमचं गेट. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बायका कळवा, मुंब्रा, दिव्याहून लोकलने येतात. येताना त्यांची पिशवी कोणी बघत नाही. जाताना आमचा वॉचमन बघतो, रोज, प्रत्येकीची. नोटीस बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीने लिहिलेलं आहे: ‘मदतनीसांनी बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी.’ इथे पंच नाही, पडदा नाही, अमुकावा माणूस नाही आणि परत फिरायची सोय तर नाहीच. आत येताना बॉम्ब चालेल, बाहेर जाताना अर्धा किलो साखर चालणार नाही, असं एकंदर सुरक्षाधोरण.

मेट्रोतल्या प्रसंगानंतर सेक्रेटरी या विषयावर मवाळ होतील अशी माझी भाबडी आशा होती. झालं भलतंच. गेल्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव आणला की कमिटी सदस्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या पिशव्या कोणत्याही परिस्थितीत तपासल्या जाऊ नयेत, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मदतनीसांची तपासणी पूर्ववत. ठराव एकमताने मंजूर. मग कोणा उत्साही तरुणाने सुचवलं की वॉचमनच्या भरवशावर किती दिवस राहायचं, गेटवर मेट्रोसारखं मशीनच बसवू, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी. टाळ्या पडल्या. खजिनदारांनी कोटेशन मागवायचं कबूल केलं आणि वहीत टिपता टिपता सहज विचारलं, “या यंत्रात मासळी सुकी की ओली, ते वेगळं कळतं का हो?”

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.