अर्धी म्हैस

विजेच्या खांबामागे म्हैस उभी असते. अलीकडे शिंगं आणि तोंड, पलीकडे शेपूट. मधली म्हैस दिसत नाही. तरी ‘अरेरे, बिचारीचे दोन तुकडे झाले’ म्हणून आजवर कोणी हळहळलेलं नाही. सगळ्यांना अख्खी म्हैस दिसते. कशी दिसते, यावर मात्र पंडितांचं एकमत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झनं सांगितलं, की डोळ्याला तुकडेच मिळतात. बाकीचं मन नकळत अनुमानानं भरून काढतं. म्हणजे म्हैस आपण पाहत नाही, ताडतो. पुढे वर्टहायमर आणि त्याची गेस्टाल्ट मंडळी म्हणाली, यात ताडायचं काय? आकृती मुळात अख्खीच उमटते.

इटलीतल्या त्रिएस्तेच्या कानित्सानं तर अनुमानवाल्यांची पंचाईतच केली. त्याच्या चित्रात आडोशामागून एका जनावराचं तोंड आणि दुसऱ्याचं ढुंगण डोकावतं, आणि आपल्याला एकच लांबलचक जनावर दिसतं. असलं जनावर जगात नाही हे मनाला पुरतं ठाऊक असतं. डोळा ऐकत नाही.

अमेरिकेतला गिब्सन म्हणे, एका जागी खिळून बघताच कशाला? चार पावलं चाला, लपलेलं आपोआप उघडं होतं. हालचालीचं महत्त्व तान्ह्यांनाही कळत असावं. १९८३ मध्ये केलमन आणि स्पेल्की यांनी चार महिन्यांच्या बाळांना ठोकळ्यामागे सरकणारी काठी दाखवली. नंतर तुटकी काठी पुढे येताच बाळं तिच्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे तुटकी त्यांना नवलाची वाटली; त्यांनी काठी सलग धरली होती. स्थिर काठीबद्दल मात्र त्यांनी मत राखून ठेवलं. इतका संयम पंडितांना जमलेला नाही.

आपल्याकडे हा वाद न्यायसूत्रांतच आहे. पूर्वपक्षाचं, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचं, म्हणणं असं, की झाडाची एकच बाजू दिसते, तेव्हा झाडाचं ज्ञान हे अनुमानच. नैयायिक विचारतात, ती एक बाजू तरी प्रत्यक्ष दिसली ना? मग सगळं अनुमान कसं? शिवाय अवयवांखेरीज अख्खा ‘अवयवी’ मानला नाही, तर काहीच दिसलं असं म्हणता येणार नाही.

मी नैयायिकांच्या बाजूचा. सगळ्या बाजू दिसल्याखेरीज ‘पाहिलं’ म्हणायचं नसेल, तर कोणी जन्मात स्वतःची आईसुद्धा पाहिलेली नाही. समोरून तिचा अंबाडा कुठे दिसतो? ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपलं मत आईपुढेच मांडावं. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक ती लगेच समजावून देईल.