चाकोरी वंगाळ निघाली!

शुक्रवारी दिवेलागणीला त्याचा फोन वाजला की उचलायचा नाही, एवढं व्यवहारज्ञान देवणीत शाळकरी पोरालाही असतं. उचलला तर रविवार गेला. "उद्या रात्री मैदानाला निघूलालो. एक माणूस कमी पडूलालंय. नुसता कासरा धरून उभं राहायचंय." नुसता कासरा धरून उभं राहायचं म्हणजे काय, तर पिकअपच्या हौद्यात दोन बैल, कडब्याच्या पेंढ्या आणि पाण्याचे ड्रम यांच्या सोबतीनं निलंगा, औसा, तुळजापूर, सोलापूर असा रात्रभर प्रवास करायचा. सकाळी सांगोल्याकडच्या नाहीतर आटपाडीकडच्या कुठल्या तरी माळावर उतरायचं आणि दिवसभर धूळ खायची. मग परतीच्या वाटेवर उजाडेपर्यंत एकच वाक्य ऐकायचं: "चाकोरी वंगाळ निघाली!"

सगळे त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. त्याला गाडी चालवता येत नाही. पिकअप भाड्याची असते आणि ती चालवणारा दुसराच असतो. पण सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतीत छकड्यावर वाकून कासरे धरणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, आणि हा शनिवार-रविवारचा ड्रायव्हर आहे. सोमवार ते शुक्रवार तो खत-बियाण्याचं दुकान चालवतो. म्हणजे दुकान उघडं असतं. सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला आधी मोबाइलवर मागच्या रविवारचा व्हिडिओ बघावा लागतो, मग पिशवी मिळते.

व्हिडिओत काय असतं? माळावर शेजारी-शेजारी आखलेल्या चाकोऱ्या, पाच-सात छकडे, बैलांच्या तोंडाशी झोंबणारे, जोडी सोडणारे सुट्टी मेकर आणि पलीकडे झेंडा धरलेला पंच. कोणाला कुठली चाकोरी, हे चिठ्ठीवर ठरतं. आधी गट, मग सेमी, मग फायनल. झेंडा पडतो, धुरळा उठतो, लाउडस्पीकरवरच्या निवेदकाचा आवाज फाटतो. धुरळा खाली बसतो तेव्हा खिलारांच्या जोड्या पल्याड पोचलेल्या असतात आणि मधल्या माळावर, स्वतःच्या इभ्रतीला शोभेल अशा चालीनं, ड्रायव्हरची देवणी जोडी येत असते.

खरं दुखणं इथं आहे. खिलार हे माणदेशाचं जनावर: अंगानं कसलेलं, पायानं हलकं, चाबकाच्या आवाजाआधी निघणारं. देवणीची घडण वेगळी. गीर, डांगी आणि इथल्या स्थानिक जनावरांच्या रक्तातून हा वाण तयार झाला असं जाणकार सांगतात. लोंबते कान, भरदार कपाळ, गळ्याखाली लोळणारी पोळी, भारी काळ्या रानात दिवसभर नांगर ओढायची ताकद, आणि गाय असेल तर वर दूधही. पांढऱ्या अंगाचा नि काळ्या तोंडाचा तो वानेरा, पांढराफेक तो बालंक्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा. एवढं सगळं देवानं दिलं, फक्त शर्यतीत धावायला सांगितलं नाही. ड्रायव्हरला हे मान्य नाही. गावाचं नाव लावणारं जनावर मैदानात हरतं, हे तर त्याला मुळीच मान्य नाही. त्यामुळे दोष बैलाचा नसतो, जातीचा नसतो, त्याचा स्वतःचा तर नसतोच. मग उरतं काय? चाकोरी.

एकदा डावीकडची पहिली निघाली: कडेला भुसभुशीत माती. पुढच्या खेपेला मधली निघाली: दोन्ही बाजूंच्या धुरळ्यात बैल गुदमरले. शेवटची निघाली तर तिकडं बघ्यांची गर्दी, बैल बुजले. चांगली चाकोरी कुठली, हे त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

हा आजार मैदानापुरता राहिला असता तरी चाललं असतं. लग्नात पंगतीच्या टोकाला बसला आणि बुंदी संपली: चाकोरी. नगरपंचायतीला उभं राहायची तयारी केली आणि सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला: चाकोरी. यावेळी चिठ्ठी खरोखरच निघाली होती, म्हणून लोकांनी पहिल्यांदाच मान डोलावली. पोरगा 'लातूर पॅटर्न'वर श्रद्धा ठेवून लातुरात खोली करून राहिला, नीटला बसला, आणि मार्क कमी पडले. बापानं पहिला प्रश्न विचारला, "बाकडं कितवं आलतं?" पोरगा म्हणाला, खिडकीपाशी. झालं! घरात दोन दिवस खिडकीवर चर्चा.

बायको मात्र यात सामील होत नाही. तिचा हिशेब साधा आहे. गाईचं दूध निघतं घरात आणि जातं बैलांच्या पोटात. सरकी पेंड, मक्याचा भरडा, हरभऱ्याची चुणी, खारीक आणि वर अंडी. "पोराला खारीक मागितली तर म्हनत्यात दातं किडतील," ती सांगते, "आन् बैलाला पायलीनं." त्यात पिकअपचं भाडं, प्रवेश फी, सोबतच्या मंडळींचं जेवण. बदल्यात आलेली मिळकत कपाटावर आहे: स्थानिक गटात उत्तेजनार्थ मिळालेली एक ढाल. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत शर्यतीला जेसीबीचं बक्षीस लागलं, तेव्हा ड्रायव्हरनं जेसीबी लावायला अंगणातली कडुलिंबाची फांदी छाटून घेतली होती.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवेच्या ट्रॅकवर पदरचे पैसे घालून गाड्या पळवणारी हौशी मंडळी असतात. टायरचा दोष, वाऱ्याचा दोष, मेकॅनिकचा दोष, ही भाषा तिथंही ऐकू येते. फरक एवढाच की त्यांच्या गाड्या सोमवारी शेडमध्ये गप्प उभ्या राहतात. ड्रायव्हरच्या गाडीला सोमवारीही वैरण लागते.

त्याच्या नादाला लागून कोणी मध्येच सुचवतं, अहो, माळेगावच्या जत्रेत खंडोबाच्या साक्षीनं एवढं मोठं पशुप्रदर्शन भरतं, तिथं न्या की हे बैल! खांदा बघा, पोळी बघा, नंबर कुठं जात नाही. यावर तो उखडतो. "नुस्तं हुबं राहून बक्षीस घ्यायला बैल काय पाव्हणा हाय का?"

बंदीचा विषय मात्र जपून काढावा लागतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. खिळे टोचणं, बॅटरीचे झटके, शेपट्या पिरगाळणं, चावणं हे सगळं मैदानांवर चालत होतं, आणि ते नव्हतंच असं म्हणणारा माणूस एक तर मैदानावर गेलेला नाही किंवा खोटं बोलतो. हे ड्रायव्हरही कबूल करतो, हळू आवाजात. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, उच्च न्यायालयात तो अडला, आणि १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ला घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. आता प्रशासनाची परवानगी, अनामत, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, हजार मीटरच्या आतलं अंतर आणि चाबूक-काठी बंद. चाबूक बंद झाल्याचं ड्रायव्हरला काही वाटलं नाही. त्यानं तो बैलाला कधी लावलाच नव्हता, आणि निकाल बघता ते पटतंही.

मधली साडेसात वर्षं म्हणजे अक्षरशः साडेसाती. बंदी आली तेव्हा त्याच्याकडे आदत खोंडांची एक जोडी होती, दुधाचे दातही न पडलेली. त्यानं ती विकली नाही. दर रविवारी पहाटे तो ती रानातल्या गाडीवाटेनं रिकाम्या छकड्याला जुंपायचा, दोन फेऱ्या मारायचा, तळ्यात पोहणी काढायचा आणि परत आणायचा. मग २०१६चा दुष्काळ आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते त्याच वर्षीच्या एप्रिलात. कडबा सोन्याच्या भावात गेला, दावणी रिकाम्या झाल्या, शेजाऱ्यांनी जनावरं बाजार दाखवली. ड्रायव्हरनं दुकानातली उधारी गोळा केली, बायकोची पाटली गहाण ठेवली आणि वैरण आणली. सांगलीकडच्या लोकांनी मैदानातही हरवलं आणि पाणीही त्यांनीच पाजलं, हे तो हसत सांगतो. पाटलीचं तो सांगत नाही, ते बायकोकडून कळतं. जोडी दुसा झाली, चौसा झाली, जुळली, उतरणीला लागली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगीची बातमी आली तेव्हा त्यातला एक बैल गुडघ्यांनी गेला होता आणि दुसरा त्याच्याशिवाय जू घेत नव्हता. त्या जोडीच्या नावाची चिठ्ठी कुठल्याच मैदानात कधी पडली नाही. तिच्याबद्दल बोलताना ड्रायव्हर चाकोरीचं नाव काढत नाही.

दोन्ही बैल म्हातारे होऊन त्याच्याच दावणीला मेले. गावानं त्याला वेड्यात काढलं, आणि हिशेबानं बघितलं तर गावाचं बरोबर होतं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, मळणी यंत्रानं. नर वासराला आता काम नाही, म्हणून ते दावणीला फार दिवस राहत नाही. दुधासाठी लोक संकरित गाय बांधतात. ज्या गावाचं नाव साऱ्या देशातल्या पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे, त्या गावात चांगला देवणी वळू शोधायचा झाला तर चार दारं हिंडावी लागतात, आणि पाचवं दार ड्रायव्हरचं असतं. कारण शर्यतीचे खोंड तो खच्ची करत नाही, त्यांना पोटभर घालतो आणि त्यांची आई-आजी तोंडपाठ सांगतो. मैदानात सातवा आलेला त्याचा वानेरा आसपासच्या गावांत इतक्या गोठ्यांत उतरला आहे की काळ्या तोंडाचं पांढरं वासरू दिसलं, तर लोक विचारतही नाहीत.

गाय दाखवल्याचे पैसे तो घेत नाही. अट एकच: खोंड झाला तर आधी त्याला दाखवायचा. परवा वलांडीच्या बाजूचा एक शेतकरी गाय घेऊन आला आणि सहज बोलून गेला, "पळनारं नको बरं का आप्पा, दूध देनारं पाहिजे." ड्रायव्हरचा चेहरा पडला. त्यानं बराच वेळ गाईभोवती फेऱ्या मारल्या, खूर उचलून बघितले, पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "पळनारंच निघंल. तुमची इच्छा आसो का नसो." एवढं बोलून तो आत गेला, दुकानाच्या गल्ल्यातून पाचशेची नोट आणली आणि त्या माणसाच्या खिशात कोंबली. गाय अजून वळूपाशी नेलीही नव्हती आणि यानं तिच्या खोंडाचा इसार देऊन टाकला होता.