रुळांतली फट आणि पन्नास तासांचा विकास

शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नोंदवली आणि विकास ही तासांत मोजता येणारी राशी असल्याचे एका फटक्यात सिद्ध झाले. नोकरीत असताना आपला विषय व तो शिकवण्याची रीत सुधारत नेणे, असा या लांबलचक शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ असला, तरी शाळांतून तो ‘प्रमाणपत्र’ असाच वाचण्याचा प्रघात पडला आहे. दीक्षासारख्या सरकारी मंचावरील प्रशिक्षणाची चित्रफीत मोबाइलवर लावून ठेवायची, मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि आपण भाजी निवडायला बसायचे, या रीतीने मंचावरचे घड्याळ व घरातले घड्याळ यांचा काही संबंध उरत नाही. काळाची अशी सापेक्षता दाखवण्यासाठी आइन्स्टाइनला प्रकाशाच्या वेगापर्यंत जावे लागले होते.

या नव्या भौतिकशास्त्राचा अभ्यास छत्तीसगडातील भिलाईत करणे विशेष उद्बोधक ठरते. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले, आणि तेव्हापासून उष्णता, द्रवीकरण व प्रसरण हे धडे गावाच्या वेशीत अहोरात्र चालू आहेत. त्याच कारखान्यात 130 मीटर लांबीचा सलग रूळ तयार होतो आणि असे दोन जोडून 260 मीटरचा रूळ रेल्वेकडे रवाना होतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर एवढा रूळ मोकळा असताना सुमारे साडेबारा सेंटिमीटर वाढेल. परंतु लोहमार्गात असे रूळ पुढे एकमेकांना जोडून टाकतात, स्लीपर, पकडी आणि खडी त्यांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे टोकांजवळचा भाग वगळता रूळ लांबत नाही आणि वाढीऐवजी त्यात प्रतिबल, म्हणजे बाह्य अडथळ्यामुळे धातूच्या आत निर्माण होणारा दाब, साठत जातो. वर्गात मात्र ‘उन्हाळ्यात प्रसरण पावतात म्हणून रुळांमध्ये फट ठेवतात’ हे पिढीजात वाक्य अद्याप सुखाने नांदते आहे. रूळ बनवणाऱ्या कामगाराच्या मुलाने ‘आता फट ठेवत नाहीत’ असे लिहिले, तर त्याचा गुण जाण्याचीच शक्यता अधिक, कारण उत्तरसूचीला कारखाना दाखवून आणण्याची तरतूद कोणत्याही प्रशिक्षणात नाही.

छत्तीसगड ज्या राज्यातून वेगळे झाले, त्या मध्य प्रदेशात एकेकाळी याहून गैरसोयीची पद्धत होती. 1972 साली 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांना उन्हाळ्यात एकत्र बसवून त्यांच्याच हातांनी प्रयोग करवीत, प्रयोग फसला तर का फसला यावर मासिक बैठकीत वाद घालीत, आणि मुलांना परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा देत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्रिकोण, घन व तंबू उभारण्याची अरविंद गुप्तांची युक्ती याच वातावरणात जन्मली. असल्या साहित्याचा मोठा दोष असा की, ते साठानोंदवहीत चढवता येत नाही आणि हरवल्यास कोणाकडून वसूलही करता येत नाही. सरकारने 2002 साली कार्यक्रम बंद केला. त्यामानाने कुलूपबंद कपाटातली दुर्बीण आदर्श म्हणावी लागेल: भिंग फुटत नाही, नोंद बिघडत नाही आणि तपासणीत ती जशीच्या तशी दिसते.

अंतराळविज्ञानाचे भाग्य अधिक थोर आहे. चंद्रयान-3 उतरले तो 23 ऑगस्ट राष्ट्रीय अंतराळ दिन झाल्याने तारीख ठरली, फलक ठरला, भाषण ठरले. भर पावसाळ्यात त्या रात्री चंद्र दिसेल की नाही, हा विषय समितीच्या कक्षेत येत नाही. शून्य सावलीचा दिवस मात्र असा शिस्तीत येत नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान सूर्य वर्षातून दोनदा मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सुमारे 21 अंश अक्षांशावरील भिलाईत हे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास घडते. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या वेळी आकाशात ढग असतात, त्यामुळे हा उपक्रम सप्टेंबरात, सोयीच्या तासाला उरकणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. अहवालाच्या छायाचित्रात काठीची लांबच लांब सावली पडलेली दिसली तरी बिघडत नाही. स्थळ-काळाची मोहोर स्पष्ट उमटली आणि मागचा फलक वाचता आला म्हणजे तीन तास जमा होतात.